स्लो कुकरमधली पॅलिओ कोंबडी : परदेशातल्या स्वयंपाकघरातून

माजघर :

आम्ही सहा वर्षांपासून अमेरिकेत मिनिआपोलिस येथे राहतो. घरात पॅलिओ पद्धतीचे जेवण सुरू होऊन दीड वर्ष होत आले आणि या काळात आठवड्यातले निदान दोन दिवस आमच्याकडे कोंबडी स्लो कुकरमध्ये शिजते. सकाळी पावणेसातला घर सोडायचे, संध्याकाळी साडेपाचला परतायचे आणि हिवाळ्यात दोन्ही वेळा बाहेर अंधारच, अशा दिनक्रमात दार उघडताच रश्श्याचा वास यावा यासारखे सुख नाही. पण हे सुख पहिल्या दिवसापासून मिळाले नाही. इथल्या पाककृती आपल्या जिभेला पुरत नाहीत आणि आपल्या पाककृती या भांड्याला जशाच्या तशा मानवत नाहीत. मधली वाट सापडेपर्यंत बरेच जिन्नस वाया गेले. जे हाती लागले ते सविस्तर लिहिते आहे. इतर देशांत राहणाऱ्यांनी आपापले अनुभव जोडावेत, अशी विनंती आहे.

पॅलिओ म्हणजे अश्मयुगातल्या माणसाच्या आहाराचे नाव घेऊन आखलेली जेवणाची पद्धत. तिच्यात धान्ये, डाळी-कडधान्ये, दूधदुभते, साखर आणि सोयाबीन-सूर्यफुलासारखी तेले वर्ज्य असतात. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळे आणि सुकामेवा चालतो. मराठी स्वयंपाकघराला यातला मोठा फटका शेंगदाण्याचा बसतो. भुईमूग ही शेंग, म्हणजे कडधान्यांच्याच कुळातली. त्यामुळे कूटही गेले आणि घाण्याचे तेलही गेले. मात्र ओले आणि सुके खोबरे, तीळ, खसखस, काजू, आमसूल, आले, लसूण, कांदा, कोथिंबीर आणि सगळे खडे मसाले शिल्लक राहतात. याचा अर्थ असा की कोकणातले आणि गोव्यातले कोंबडीचे बहुतेक प्रकार, सोबतचे वडे, भाकरी आणि भात बाजूला ठेवले, तर मुळातच पॅलिओत बसतात. हे ध्यानात आले तेव्हा मला फार हायसे वाटले. तूप काटेकोर मंडळी टाळतात. आम्ही घरी कढवलेले तूप घेतो, कारण दुधाचा अंश बेरीत उतरतो आणि बेरी गाळून काढता येते.

पहिल्या दिवशी मी नेहमीचा कुकर लावावा तसे सगळे एकदम भांड्यात घातले : दीड किलो कोंबडी, तीन चिरलेले कच्चे कांदे, दोन टोमॅटो, आले-लसूण, तिखट, गरम मसाला आणि अंदाजाने तीन वाट्या पाणी. नऊ तासांनी झाकण काढले तर वर फिकट नारिंगी पाणी, त्यात कचकचीत राहिलेल्या कांद्याच्या फोडी आणि तळाशी हाडांपासून सुटून दोरे दोरे झालेले मांस. वास कच्च्या लसणाचा. त्या रात्री आम्ही अंडी उकडून जेवलो.

असे का झाले हे कळण्यासाठी ते भांडे कसे चालते हे आधी कळावे लागते. आत जाड चिनी मातीचे भांडे असते, त्याच्या भोवती बाहेरच्या कवचात तापणारी तार असते आणि वर जड काचेचे झाकण असते. ‘लो’ आणि ‘हाय’ या दोन्ही खुणांवर बहुतेक भांडी अखेर उकळीच्या आसपासच पोहोचतात. फरक असतो तो तिथवर पोहोचायला लागणाऱ्या वेळेचा. वाफ झाकणाच्या आतल्या बाजूला जमते, तिचे थेंब कडेकडे ओघळतात आणि काठावर पाण्याची बारीक रेघ साठून झाकण घट्ट बसते. कोंबडीचे सुके करताना आपल्याकडे पातेल्यावर खोलगट ताटली ठेवून तिच्यात पाणी ओततात, त्यातलाच हा प्रकार. पाणी बाहेर पडत नाही म्हणून रस्सा आटत नाही. उष्णता १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही म्हणून काहीही परतले जात नाही. कांद्याला आणि खोबऱ्याला जो खमंगपणा येतो, त्याला साधारण १४० अंशांच्या पुढची उष्णता आणि कोरडा पृष्ठभाग लागतो. तो या भांड्यात, कितीही तास ठेवले तरी, येणार नाही. कांदा कचकचीत राहिला त्याला टोमॅटोही कारणीभूत होता, कारण आंबट पाण्यात भाजी मऊ व्हायला फार वेळ घेते.

त्यामुळे मी कामाची वाटणी करून टाकली. जे तेलात, तव्यावर किंवा विस्तवावर व्हायचे, ते आधी बाहेर उरकून घ्यायचे. भांड्याकडून फक्त मुरवण्याचे काम घ्यायचे. ज्यांच्या आज्या चुलीवर रांधत, त्यांना हे नवीन वाटणार नाही. पुढच्या आचेवर फोडणी आणि परतणे व्हायचे आणि मग पातेले मागच्या वैलावर, म्हणजे चुलीच्या मंद आचेच्या तोंडावर, सरकवायचे. स्लो कुकर हा माझ्या लेखी विजेवर चालणारा वैल आहे.

फोडणी आणि भाजणे रविवारी होते. इथे इमारतीच्या स्वयंपाकघरातला पंखा हवा बाहेर न टाकता गाळून परत घरातच सोडतो, धूर झाला की छतावरचा भोंगा वाजतो आणि जानेवारीत उणे २० अंशांत खिडकी उघडता येत नाही. म्हणून मी कांदा-खोबरे तव्याऐवजी ओव्हनमध्ये भाजते. उभ्या चिरलेल्या सहा कांद्यांना तीन चमचे खोबरेल चोळून २०० अंशांवर अर्धा तास, मधून दोनदा हलवून. कडा काळपट तपकिरी झाल्या पाहिजेत. सुक्या खोबऱ्याचा कीस वेगळ्या ताटात १६० अंशांवर सहा-सात मिनिटे, आणि त्या वेळी ओव्हनसमोरून हलायचे नाही, कारण सोनेरी आणि जळका यांत अर्ध्या मिनिटाचे अंतर असते. धणे, बडीशेप, मिरी, लवंग, दालचिनी, दगडफूल आणि सुक्या मिरच्या तव्यावर मंद आचेवर नुसत्या गरम करायच्या. त्यांचा धूर होत नाही. सगळे थोड्या पाण्यात बारीक वाटून बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवते. माझ्या साच्यातला एक खडा दोन मोठ्या चमच्यांचा आहे आणि दीड किलो कोंबडीला असे सहा खडे लागतात.

आता कोंबडी. छातीचे मांस या भांड्यासाठी नाही, असे माझे ठाम मत आहे. त्यात चरबी आणि चिवट पडदे कमी असतात, त्यामुळे ७४ अंशांच्या पुढे ते जितका वेळ राहील तितके कोरडे होते, भोवती कितीही रस असला तरी. मांडीच्या आणि तंगडीच्या मांसातले चिवट पडदे मात्र सावकाश उष्णतेत विरघळून रसात उतरतात आणि मांस ओलसर राहते. म्हणून हाडासकट मांड्या घ्याव्यात आणि कातडी काढून टाकावी, कारण ती कुरकुरीत होत नाही, नुसती लिबलिबीत होते. पहाटे उठून मी तुकडे मीठ, हळद आणि आले-लसूण लावून गरम कढईत दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटे परतते, त्याच कढईत गोठवलेले वाटण घालून तेल सुटेपर्यंत हलवते, तिखट घालते, अर्धी वाटी पाण्याने कढई खरवडून घेते आणि सगळे भांड्यात ओतते. वीस मिनिटांचे काम आहे. पाणी फक्त तेवढेच, कारण कोंबडी स्वतःचे पाणी भरपूर सोडते. ‘लो’वर साडेचार-पाच तास पुरेत, पुढे भांडे आपोआप ‘वॉर्म’वर जाते.

शेवटचे दहा-पंधरा मिनिटांचे काम घरी आल्यावर होते. आमसुले तेव्हाच घालायची. सकाळी घातली तर रस्सा तुरट होतो. ताजी कोथिंबीर, चिमूटभर गरम मसाला आणि चव घेऊन मीठ. लवंग-दालचिनी मात्र नेहमीच्या निम्मीच घ्यावी, कारण इतक्या तासांत त्यांचा अर्क पुरता उतरतो आणि कोंबडीला दंतमंजनाचा वास येतो.

शंकासूर :

माजघरताई, फार उपयुक्त लिहिले आहे. मी जर्मनीत राहतो आणि एकटाच आहे. माझी शंका सुरक्षिततेची आहे. कच्ची कोंबडी भांड्यात घालून दिवसभर घराबाहेर राहणे मनाला पटत नाही. गोठलेली कोंबडी तशीच घातली तर चालते का? आणि रात्री सगळे भरून भांडे फ्रिजमध्ये ठेवावे, सकाळी घड्याळ लावून दुपारी बारापासून सुरू होईल असे करावे, हा विचार बरोबर आहे का?

माजघर :

दोन्हीला उत्तर नाही असेच आहे, आणि हा प्रश्न आधी यायला हवा होता.

४ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. स्लो कुकर हा पट्टा तसाही हळूहळू ओलांडतो. त्यात गोठलेला गोळा टाकला तर मधला भाग तासन् तास त्याच पट्ट्यात राहतो. म्हणून कोंबडी आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून पूर्ण सुटी होऊ द्यावी. उशिरा सुरू होणारे घड्याळ तर अजिबात नको, कारण सकाळी सातपासून बारापर्यंत कच्चे मांस खोलीच्या उष्णतेत पडून राहील. अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस अशी आहे की नाशवंत अन्न दोन तासांहून अधिक बाहेर राहू नये, आणि कोंबडीचा मधला भाग ७४ अंशांपर्यंत, म्हणजे इथल्या तापमापकावर १६५ फॅरनहाइटपर्यंत, पोहोचलाच पाहिजे. बोटभर लांबीचा तापमापक स्वस्तात मिळतो. हाडाला न टेकवता मांसाच्या जाड भागात खुपसावा.

मसाला लावून मुरवायचे असेल तर काचेच्या वेगळ्या भांड्यात मुरवावे. चिनी मातीचे भांडे फ्रिजमधून काढून थेट तापवले तर तडा जाऊ शकतो. माझ्या शेजारणीच्या भांड्याला असाच तळापासून काठापर्यंत तडा गेला. भांडे निम्म्याहून कमी किंवा दोन-तृतीयांशाहून जास्त भरू नये. तुम्ही एकटे असाल तर सहा लिटरचे भांडे घेऊ नका, दोन-अडीच लिटरचे घ्या, नाहीतर थोडासा रस्सा कडेला करपून चिकटतो. मध्ये झाकण उघडून पाहण्याचा मोह टाळावा, कारण प्रत्येक वेळी साठलेली वाफ जाते आणि शिजण्याची वेळ वीस-पंचवीस मिनिटांनी लांबते. उरलेले अन्न त्याच भांड्यात निवत ठेवू नये. उथळ डब्यांत काढून फ्रिजमध्ये ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी गॅसवर उकळी आणून खावे. तुम्ही घराबाहेर असताना वीज गेल्याचे घड्याळावरून दिसले, तर कितीही जिवावर आले तरी ती कोंबडी टाकून द्यावी.

रंकाळा :

आम्ही कोल्हापूरचे, सध्या इंग्लंडमध्ये लीड्सला. माझ्या मते या भांड्याचा सर्वांत चांगला उपयोग सुक्यासाठी किंवा मालवणीसाठी नाही, तर पांढऱ्या रश्श्याच्या अळणीसाठी आहे. अळणी म्हणजे तिखट-मसाल्याविना शिजवलेल्या मांसाचे पाणी. घरी ते मटणाचे असते, पण कोंबडीचेही फार सुंदर होते, आणि पांढऱ्या रश्श्यात पॅलिओला अडणारा एकही जिन्नस नाही.

मी इथल्या खाटकाकडून कोंबडीचे सांगाडे घेतो आणि चिनी दुकानातून कोंबडीचे पाय. एक किलो सांगाडे, सहा-सात पाय, चार मांड्या, एक कांदा, दोन इंच आले, दहा लसूण पाकळ्या, थोडे मीठ आणि सगळे जेमतेम बुडेल इतके पाणी. हळद घालायची नाही, घातली की रस्सा पांढरा राहत नाही. पाणी उकळते घालावे, त्याने शिजण्याची सुरुवात लवकर होते. ‘लो’वर चार तासांनी मांड्या बाहेर काढाव्यात आणि हाडे तशीच आणखी पाच-सहा तास ठेवावीत, त्यामुळे मांसाचा चोथा होत नाही आणि हाडांचा कसही उतरतो. शनिवारी रात्री गाळून ठेवलेली अळणी रविवारी सकाळी फ्रिजमधून काढली की डबा तिरका केला तरी ती हलत नाही, खरवसाच्या वडीसारखी थरथरते. असे झाले की समजावे, पायांनी आपले काम केले.

पुढचे सगळे गॅसवर. पाव वाटी काजू, दोन चमचे खसखस आणि दोन चमचे पांढरे तीळ तासभर कोमट पाण्यात भिजवून गंधासारखे वाटायचे. तुपात तमालपत्र, चार लवंगा, दालचिनीचा तुकडा, वेलदोडे आणि दहा-बारा मिरे टाकायचे, त्यावर वाटण मंद आचेवर रंग न बदलू देता परतायचे, मग अळणी ओतून एक उकळी आणायची. नारळाचे दूध अगदी शेवटी, आणि त्यानंतर फक्त कडेला बुडबुडे दिसेपर्यंतच तापवायचे. ते सकाळीच स्लो कुकरमध्ये घातले तर संध्याकाळपर्यंत फुटते आणि वर तेल तरंगते. एक सूचना : डब्यातल्या नारळाच्या दुधावरचा मजकूर वाचून घ्या. बहुतेकांत घट्टपणासाठी गवारीच्या बियांचा गोंद घातलेला असतो आणि गवार ही पुन्हा शेंगच. नुसता नारळ आणि पाणी असलेले डबे मिळतात.

सागरगोटा :

रंकाळा यांच्या कृतीत आखातात राहणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची भर घालतो. संयुक्त अरब अमिरातीत खसखस आणायलाच बंदी आहे. घरून येणाऱ्या कोणालाही मसाल्याच्या डब्यात सहज म्हणूनसुद्धा ती आणू देऊ नये, फार मोठा त्रास होऊ शकतो. सिंगापूरला जाणाऱ्यांनीही आधी नियम पाहून घ्यावेत. घरचा गोडा किंवा मालवणी मसाला कोणी दळून पाठवत असेल तर त्यांनाही खसखस वगळायला सांगावे. आम्ही दुबईत तिच्याऐवजी मगजबी घालतो. घट्टपणा येतो, चव किंचित गोडसर होते.

पारिजात :

ताई, हे सगळे खायचे कशाशी, हा माझा प्रश्न आहे. रस्सा आहे आणि भाकरी नाही, या कल्पनेनेच माझे पोट भरत नाही. शिवाय हिंग चालतो का?

माजघर :

पारिजात, तुमची अडचण मला पूर्ण कळते, कारण सुरुवातीला मलाही रश्श्यापुढे नुसते बसवत नसे. फ्लॉवरचा किसून केलेला भात बहुतेकजण सुचवतात. तो सुक्याबरोबर बरा लागतो, पण पातळ रश्श्यात त्याचा गाळ होतो. रश्श्यासाठी मला रताळे सर्वांत मानवले. गोल जाड चकत्या भांड्याच्या तळाशी अंथरायच्या आणि कोंबडी त्यांच्यावर ठेवायची. या भांड्यात कंद मांसापेक्षा उशिरा शिजतात, त्यामुळे ते तळाशी, उष्णतेजवळ हवेत. चकती बोटाने मोडून रश्श्यात बुडवली की घास तयार होतो. बटाट्याबद्दल पॅलिओवाल्यांत मतभेद आहेत, काही घेतात, काही नाही. आरारूटच्या पिठात अंडे आणि नारळाचे दूध घालून पातळ घावनासारखे करता येते. ते गरम असतानाच खावे, गार झाले की वातड होते. नारळाच्या पिठाची भाकरी मी चार वेळा करून पाहिली. ती थापताच येत नाही. त्या वाटेला जाऊ नका.

डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे किंवा तांदळाचे पीठ मिसळलेले असते. खडा हिंग मिळाला तर तो तुपात फुलवून कुटावा. न मिळाला तर कोंबडीला हिंगावाचून काही अडत नाही.

खाडीकाठ :

मी मूळचा अलिबागजवळचा, आता कॅनडात. थंडी पडली की मला पोपटीची आठवण येते आणि गेल्या दोन हिवाळ्यांत मी ती या भांड्यात करून पाहिली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : रायगड जिल्ह्यात वालाच्या शेंगा आल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला अंथरून त्यावर शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, बटाटे-रताळी, ओवा आणि जाडे मीठ असे थर रचतात, वरून पुन्हा पाला कोंबतात, मडके उलटे ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवतात. पाण्याचा थेंबही घालत नाहीत. सगळे पाल्याच्या आणि शेंगांच्या ओलाव्यावर शिजते.

पॅलिओत वाल बाद, म्हणून मी त्यांना वगळतो. भांबुर्डीला पर्याय नाही. तिचा तो उग्र, जरासा कापरासारखा वास दुसऱ्या कशालाच नाही, आणि तो नाही हे मान्य करूनच पुढे जावे लागते. आशियाई दुकानात केळीची पाने गोठवलेली मिळतात, ती आचेवर शेकून मऊ करतो आणि भांड्याच्या तळाला व बाजूंना लावतो. त्यावर रताळ्याचे मोठे तुकडे आणि सोललेले अख्खे छोटे कांदे. त्यावर हिरव्या मिरच्या, आले, लसूण, कोथिंबीर, लिंबू, मीठ आणि दोन चमचे ओवा यांचे कोरडे वाटण रात्रभर लावलेल्या मांड्या. वरून पुन्हा पाने घट्ट दाबून झाकण. पाणी नाही. ‘हाय’वर तीन तास. शेवटी कोंबडी ताटात काढून ओव्हनच्या वरच्या जाळाखाली पाच मिनिटे धरतो, त्याने कडा करपतात आणि विस्तवाची थोडी आठवण येते. पाने उलगडताना जी वाफ येते तिच्यात ओवा आणि केळीचे पान यांचा वास असतो. माझी आई भारतातून आली होती. तिने एक घास खाल्ला आणि शांतपणे म्हणाली, ही पोपटी नव्हे, पण पोपटीच्या गावाहून आलेली आहे.

जुनीवाट :

पाककृती उत्तम आहेत आणि मीही दोन करून पाहणार आहे, पण नावाविषयी लिहावेसे वाटते. अश्मयुगात आजची पाळीव कोंबडी नव्हती. ती पुढे आग्नेय आशियात रानकोंबड्यापासून माणसाळली. मिरची, टोमॅटो, रताळे हे सगळे अमेरिका खंडातले, आपल्याकडे पोर्तुगिजांनंतर आलेले. शिवाय इटली, रशिया आणि चेक प्रजासत्ताकात सुमारे ३०,००० वर्षांपूर्वीच्या वाटण्याच्या दगडांवर वनस्पतींच्या पिठाचे कण सापडले आहेत, म्हणजे शेतीच्या कितीतरी आधी माणूस कंदमुळे आणि बिया दळून खात होता. मग अश्मयुगाचे नाव घेऊन भाकरी सोडण्याला आधार काय?

माजघर :

आपले म्हणणे बरोबर आहे आणि मी त्याच्याशी वाद घालणार नाही. १९८५ साली बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या दोघांनी वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून हा विचार चर्चेत आणला, तेव्हापासून ही शंका घेतली जाते आहे. आमच्या घरी कोणी अश्मयुगात परतायला निघालेले नाही. साखर, मैदा आणि तयार पाकिटांतले पदार्थ घरातून बाहेर काढण्यासाठी आम्हाला एक सरळ, तोंडपाठ होणारा नियम हवा होता आणि तो या नावाखाली मिळाला. ज्यांना मधुमेहाची किंवा मूत्रपिंडाच्या विकाराची औषधे चालू आहेत, त्यांनी मात्र डाळ-भाकरी बंद करून मांस वाढवण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. हे मी मनापासून सांगते आहे.

भांड्याचा इतिहासही याच अंगाने पाहण्यासारखा आहे. आयर्व्हिंग नॅक्सन या अमेरिकी संशोधकाला १९४० साली त्याचे पेटंट मिळाले. त्यांच्या आईने लहानपणीच्या लिथुआनियातल्या ज्यू वस्तीची आठवण सांगितली होती : शनिवारी विस्तव पेटवायचा नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मांस, घेवड्याचे दाणे आणि जव यांचे भांडे पाववाल्याच्या भट्टीत ठेवायचे आणि भट्टी निवता निवता ते रात्रभर शिजायचे. १९७१ साली दुसऱ्या कंपनीने तेच यंत्र ‘क्रॉक-पॉट’ नावाने बाजारात आणले आणि नोकरीला निघालेल्या बायकांच्या घरी ते पोहोचले. दाणे आणि जव दोन्ही पॅलिओत वर्ज्य. भांड्याला त्याचे काही नाही.

शंकासूर :

आज दोन लिटरचे भांडे आणले. एक विचारायचे राहिले. पाककृतींत सगळीकडे आठ तास लिहिलेले असते आणि तुम्ही पाच म्हणता. मी नऊ तास बाहेर असतो. उरलेले चार तास ‘वॉर्म’वर मांस बिघडत नाही का?

माजघर :

बिघडत नाही, पण थोडे अधिक मऊ होते, आणि खरे सांगायचे तर याच प्रश्नाने मला वर्षभर छळले. हे भांडे मुळात चिवट मांसासाठी आहे. आपण ज्या कोंबडीला बॉयलर म्हणतो ती सहा-सात आठवड्यांत कापली जाते. तिच्यात आठ तास शिजण्यासारखे काही नसतेच. गावठी कोंबडी चुलीवर दोन-दोन तास रटरटत असे आणि तरी तिचा तुकडा दातांना जाणवत असे, तो तिच्या वयामुळे.

उत्तर मला सेंट पॉलच्या एका सोमाली खाटकाच्या दुकानात मिळाले. काचेमागे नेहमीच्या गुबगुबीत कोंबड्यांशेजारी बारीक, पिवळसर कातडीच्या, लांब पायांच्या कोंबड्या ठेवल्या होत्या आणि त्यांच्यावर ‘हार्ड चिकन’ अशी चिठ्ठी होती. त्या अंडी देऊन थकलेल्या, वर्ष-दीड वर्षाच्या कोंबड्या. दुकानदाराने सुरा चालवताना हाड फुटल्याचा जो आवाज आला, तो मी लहानपणी सातारच्या बाजारात ऐकलेला होता.

ती कोंबडी मी मंगळवारी केली. पहाटे परतून, सहा खडे वाटण, पाऊण वाटी पाणी, तळाशी रताळे, आणि ‘लो’वर पूर्ण नऊ तास. संध्याकाळी झाकण उचलले तेव्हा वर बोटभर जाडीचा लाल तवंग होता आणि त्याखाली रस्सा दाट, गडद. तुकडा हाडाला धरून होता. बोटांनी ओढल्यावर सुटला, आणि चावताना दातांना जाणवला. शेवटी चार आमसुले आणि कोथिंबीर घातली. जर्मनीत तुर्की दुकानांत किंवा मोठ्या बाजारांतल्या गोठवलेल्या कप्प्यांत ‘झुपेनहून’ नावाने अशीच जून कोंबडी मिळते. ती आदल्या रात्री नव्हे, दोन रात्री आधी फ्रिजमध्ये काढून ठेवा, अख्खी असल्यामुळे सुटायला वेळ लागतो. तुमच्या दोन लिटरच्या भांड्यात अर्धीच मावेल; उरलेल्या अर्धीची अळणी करा.